ऊसतोड टोळीसाठी महिना ३,००० रुपये : शिधा किट वाटावं का?

कोयनाकाठ (कराड)
जागतिक बँकेनं जून २०२५ मध्ये गरिबीची रेषा दिवसाला ३ डॉलरवर नेली. तिच्याखाली जगात ८० कोटींच्या आसपास माणसं. आमच्या गटाची वर्गणी महिना ३,००० आणि रविवार मोकळा. एवढ्यात तालुकासुद्धा हलणार नाही, हे कळतं. गावाबाहेर बीडकडची टोळी उतरलीय, १२ कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या १२ जोड्या, पोरंबाळं वेगळी. किट वाटावं असं बहुमत आहे. काय करावं?

रास्तभाव
किट नको. ३,००० त चार किटं होतील, म्हणजे आठ कोप्या (टोळीच्या झोपड्या) रिकाम्या, आणि आठ-दहा दिवसांत ती चारही संपलेली. त्यांच्या हक्काचं धान्य इथं मिळवून द्या. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, तेही फुकट. एक देश एक रेशनकार्डमुळे ते कुठल्याही रेशन दुकानात मिळतं. चार जणांचं कार्ड धरलं तर महिना २० किलो, हंगामाच्या पाच महिन्यांत एक क्विंटल. ते कोपीत न येण्याचं कारण एवढंच की दुकान उघडं असतं तेव्हा माणसं फडात असतात.

पहिल्या रविवारी प्रत्येक कोपीत जाऊन वहीत तीन गोष्टी उतरवा : कार्डाचा १२ अंकी नंबर, कार्डावरची नावं, त्यातलं इथं कोण आणि गावाकडे कोण. मग ‘मेरा राशन’ ॲपवर कुणाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलीय ते बघा. राहिली असेल तर इथल्या दुकानातही होते.

बीडकडच्या केशरी कार्डांची एक गोम आहे. त्यातल्या बऱ्याच शेतकरी कार्डांना धान्याऐवजी खात्यात पैसे येतात. त्यांचं धान्य दुकानातल्या अंगठ्याच्या मशिनवर दिसणारच नाही, उगाच दुकानदाराशी भांडू नका.

येरळा
खरी अडचण मशिनवर अंगठा उमटण्याची. कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, वर उसाचा चिकटा. साबण आणि कोमट पाण्यानं हात धुऊन कोरडे करा, अंगठा लागला नाही तर मधलं बोट, अनामिका लावून बघा. तेही नाही जमलं तर डोळ्याचा स्कॅनर किंवा ओटीपी. ओटीपीला आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा. कार्डावरचं कुणीही एक माणूस चालतं, त्यामुळे पोरं सांभाळायला कोपीवर थांबलेली म्हातारी सगळ्यांत सोयीची.

कोयनाकाठ
दुकानदार म्हणतो, बाहेरच्यांना दिलं तर गावाला माल पुरत नाही.

रास्तभाव
त्याचंही चूक नाही. त्याला माल येतो तो त्याच्या स्वतःच्या कार्डांच्या हिशेबानं. म्हणून टोळी उतरली की लगेच तहसीलच्या पुरवठा शाखेत कार्ड नंबरांची यादी देऊन जादा नियतन (दुकानाला मिळणारा धान्याचा कोटा) मागा, पोच घ्या, आणि १५ तारखेच्या आत धान्य उचला. त्या महिन्याचं धान्य पुढच्या महिन्यात मिळेल, या भरवशावर राहू नका. माल असून नकार दिला तर १४४४५ किंवा १९६७ ला फोन.

बालवाडी_वाळवा
पोरांचंही याच वहीत लिहा. सहा वर्षांच्या आतली मुलं, गरोदर आणि स्तनदा बाया यांना जवळच्या अंगणवाडीत आहार मिळतो, गावाकडचं नाव तिथून इथं वळवता येतं. मोठ्यांना शाळेत घाला; दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, तसं स्पष्ट आहे.

पोरांच्या जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे फुकट मिळतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, हे बायांना बाटली दाखवून सांगा. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर मीठ जास्त होऊन पोराचं आणखी बिघडतं. कालवलेलं २४ तासांत संपवायचं. झिंक सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मधेच सोडायचं नाही.

येरळा
आणि ३,००० रुपये? टेम्पोचं भाडं आणि झाकणाचे ड्रम. कोपीत दव उतरतं, उंदीर पोतं फोडतात. ५० लिटरच्या ड्रममध्ये ३५ किलोच्या वर गहू मावतो. पहिल्या महिन्यात तीन-चारच होतील, ज्यांच्याकडे जास्त माणसं त्यांच्यापासून सुरू करा.

रास्तभाव
एक राहिलं. मशिनवर किलो टाकताना इथल्या माणसांपुरतेच टाकायला सांगा आणि पावती तिथंच वाचा. सगळं कार्ड इथं उचललं गेलं तर गावाकडच्या आजी-आजोबांना तिकडच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत यावं लागतं.