भरतीच्या मैदानात उत्तेजकं: अकादम्यांनी सरसकट बंदी घालावी का?

रानवाट:
पोलीस भरतीची मैदानी चाचणी जवळ आली की अकादम्यांतून प्री-वर्कआउटचे, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पुडीचे डबे फिरू लागतात, काही ठिकाणी मेफेंटरमिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शनंही. १६०० मीटरच्या धावण्यावर निवड अडते, त्यामुळे पोरांना मोह का होतो ते कळतं. पण उत्तेजकाने पायात ताकद येत नाही, थकल्याची जाणीव तेवढी दबते. १९६७च्या टूर द फ्रान्समध्ये ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर भर उन्हात कोसळला, पुन्हा सायकलवर बसला, पुन्हा कोसळला आणि गेला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक सापडलं. माझं मत स्पष्ट आहे: कॅफिनच्या गोळीपासून इंजेक्शनपर्यंत सगळं बंद.

घाटधाव्या:
साफ असहमत. कॅफिन आणि मेफेंटरमिन एका पंगतीत बसवू नका. दमल्याचा, झोपेचा निरोप देणारं अ‍ॅडिनोसिन मेंदूत जिथे चिकटतं, ती जागा कॅफिन अडवतं. त्यामुळे तेच श्रम कमी वाटतात, लक्षही टिकतं. वाडाने, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, २००४ मध्येच ते बंदीच्या यादीतून काढलं. वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, धावण्याच्या तासभर आधी, एवढ्याने बहुतेकांना फरक पडतो. मी स्वतः लांब पल्ल्याच्या शर्यतीआधी काळी कॉफी घेतो. पोरांसमोर कॉफीलाही विष म्हणालात, तर इंजेक्शनबद्दल तुम्ही सांगाल ते ती का ऐकतील?

रानवाट:
दादा, तुम्ही कपाचं बोलताय, मी डब्याचं. एका स्कूपमध्ये २००-३०० मिलिग्रॅम कॅफिन सर्रास असतं आणि पोरं उपाशीपोटी दोन-दोन घेतात. शिवाय आत अजून काय आहे, कोण सांगणार? २०१० मध्ये आपले कितीतरी खेळाडू मिथाइलहेक्झानामिन या बंदी असलेल्या उत्तेजकात अडकले. हेच द्रव्य जिरेनियम या फुलझाडाचा अर्क म्हणून पूरकांत विकलं जायचं. नमुन्यात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

भूलतज्ज्ञ_ताई:
मेफेंटरमिन आम्ही वापरतो ते पाठीतून भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर, तेही मॉनिटरवर नजर ठेवून. धडधाकट मुलाने ते टोचून पळायचं म्हणजे आधीच जोरात धडधडणाऱ्या हृदयाला आणखी हाकायचं. वारंवार घेणाऱ्यांना व्यसन लागतं, संशयाचे भ्रम झाल्याच्याही नोंदी आहेत. यात ‘योग्य मात्रा’ असली चर्चाच नको. कॉफीबद्दल मात्र मी घाटधाव्यांच्या बाजूने.

पहाटपाळी:
ताई, कॉफीलाही इतकं सोडू नका. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळच्या सरावाआधी घेतलेला स्कूप रात्रीची झोप खातो. बाहेरगावची मुलं रात्रभर एसटीत बसून पहाटे मैदानावर येतात, त्यांची तरतरी डब्यातून येणार नाही. त्यांना आदल्या दिवशी आडवं व्हायला जागा हवी, हे कोणीच मागत नाही याचं मला वाईट वाटतं.

घाटधाव्या:
मुक्कामाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, डब्यांवरची बंदीही मान्य. पण कॉफीवर नाही. अकादमीत रक्तदाबाचं यंत्र ठेवा, पहिली मात्रा सरावात घेऊन बघू द्या, चाचणीच्या दिवशी नवं काही नाही. आणि इंजेक्शन आणून देणारा सापडला, तर त्याची तक्रार अकादमीने स्वतः अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. पोराला हाकलून प्रकरण मिटवू नये.

रानवाट:
तक्रारीचं पटलं. कॉफीवर आपलं जमणार नाही. सतरा-अठराच्या पोराला ‘थोडं चालतं’ सांगितलं की तो दुप्पट घेतो, हे मी मैदानावर रोज बघतोय.