इंटेलिव्हिजनच्या कीपॅडसाठी ओव्हरले बनवायचे आहेत: फिल्म, छपाई आणि मापांबाबत मार्गदर्शन हवे

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी. माझ्या मामांनी अमेरिकेहून कायमचे परतताना सोबत आणलेला मॅटेल कंपनीचा इंटेलिव्हिजन हा व्हिडिओ गेमचा संच सध्या नागपुरात माझ्याकडे आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो चालतो, चित्रही स्वच्छ येते. अडचण आहे ती कंट्रोलरवर बसवायच्या ओव्हरलेची. सोबतच्या बऱ्याच कार्ट्रिजचे ओव्हरले गहाळ झाले आहेत आणि जे उरले आहेत ते कडांना दुमडलेले आहेत.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७९ मध्ये चाचणी म्हणून आणि १९८० पासून अमेरिकाभर विकल्या गेलेल्या या संचाच्या कंट्रोलरवर खाली सोळा दिशा ओळखणारी गोल चकती, दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणे आणि वरच्या भागात टेलिफोनसारखा बारा बटणांचा कीपॅड असतो. बहुतेक खेळांच्या खोक्यांत त्या कीपॅडवर सरकवायचे दोन छापील प्लास्टिकचे तुकडे, म्हणजे दोन खेळाडूंसाठी दोन ओव्हरले, मिळत असत. पडद्यावर अक्षरांसाठी जेमतेम २० रकाने आणि १२ ओळी असल्याने कोणते बटण काय करते हे तिथे लिहायला जागाच नव्हती. ते काम ओव्हरलेकडे सोपवलेले होते. ‘यूटोपिया’सारख्या, प्रत्येक खेळाडूने आपापले बेट सांभाळायच्या खेळात किल्ला, कारखाना, शेती, शाळा, दवाखाना, घरे, बंडखोर, नौका असे सगळे याच बटणांवरून विकत घ्यावे लागते, त्यामुळे ओव्हरलेशिवाय शाळा बांधायला जावे आणि शेजाऱ्याच्या बेटावर बंडखोर उतरावेत, असा प्रकार होतो.

मला नवे ओव्हरले बनवायचे आहेत, आणि माझे वडीलही खेळणार असल्याने काहींवर मजकूर मराठीत हवा आहे. कागदावर छापून लॅमिनेशन करणे हा पहिला सुचणारा मार्ग. परंतु तसा तुकडा कीपॅडच्या खाचेत नीट सरकत नाही आणि बटणे जोराने दाबावी लागतात. कोणती फिल्म घ्यावी, मापे कशी घ्यावीत आणि हे काम नागपुरात कोणत्या प्रकारच्या दुकानात होऊ शकेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पॅनेलवाला

मी अनेक वर्षे हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेलच्या दर्शनी पट्ट्या बनवत आलो आहे, आणि आपण ज्याला ओव्हरले म्हणत आहात ती वस्तू तत्त्वतः तीच आहे. तिच्याकडे चित्र म्हणून न पाहता यंत्राचा हलणारा भाग म्हणून पाहावे, कारण ती रोज शेकडो वेळा वाकणार आहे.

लॅमिनेशन का अडते ते आकड्यांनी पाहू. साध्या ८० जीएसएम कागदाची जाडी सुमारे १०० मायक्रॉन असते (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). लॅमिनेशनच्या पाकिटावरचा १२५ हा आकडा एका बाजूच्या फिल्मचा असेल, तर दोन बाजूंचे २५० आणि कागदाचे १०० मिळून ३५० मायक्रॉन झाले. (हा आकडा एका बाजूचा की दोन्हींचा मिळून, हे दुकानदाराला अवश्य विचारावे, त्यालाही पुष्कळदा पाकीट उलटून पाहावे लागते.) शिवाय फिल्मचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की ताठरपणा आठपट होतो. आपले बोट दुखते ते यामुळेच. आयकार्ड बनवणारा पीव्हीसीचे कार्ड सुचवील, पण ते पाऊण मिलिमीटरहून अधिक जाड असते. त्याचा विचारही करू नये.

खाचेत किती जाडी मावते हे अंदाजाने ठरवू नये. दुचाकीचे टॅपेट सेट करताना मेकॅनिक जे फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) वापरतो, त्याची पाती कीपॅडच्या कडेच्या ओठाखाली एकेक करून अलगद सरकवून पाहावीत आणि जे सर्वांत जाड पाते विनासायास सरकते त्याहून किंचित कमी जाडी आपली समजावी.

फिल्म पॉलिएस्टरची घ्यावी. पॉलिकार्बोनेट दिसायला सुरेख असते, कापायलाही सोपे जाते, पण सतत एकाच जागी वाकल्यावर त्याला तडे जातात. पॉलिएस्टर मात्र लाखो दाब सहन करते, म्हणूनच बटणांच्या पॅनेलसाठी आम्ही तेच वापरतो. १२५ मायक्रॉनपासून सुरुवात करावी आणि पृष्ठभाग मॅट किंवा वेल्व्हेट निवडावा, कारण चकचकीत फिल्मवर ट्यूबलाइट पडली की अक्षरे दिसत नाहीत.

छपाई नेहमी मागच्या बाजूने, आरशातील प्रतिमेसारखी उलटी करावी, जेणेकरून बोट फिल्मवर पडते आणि शाई तिच्याखाली सुरक्षित राहते. यासाठी सीताबर्डीत मोबाइलच्या कव्हरवर छपाई करणाऱ्यांकडे असते तसे यूव्ही मशीन (अतिनील प्रकाशाने शाई वाळवणारे) सोयीचे, कारण त्यात पांढरी शाई असते. आधी रंग आणि त्यावर पांढरा थर, हा क्रम त्यांना स्पष्ट सांगावा. कव्हरच्या कामात क्रम उलटा असतो आणि हात सवयीने तिकडेच जातो. प्रक्रिया न केलेल्या पॉलिएस्टरवर यूव्ही शाई नीट धरत नाही, म्हणून छपाईसाठी तयार केलेलीच फिल्म मागावी आणि एका तुकड्यावर सेलोटेप चिकटवून ओढून पाहावे. शाई टेपसोबत निघाली तर ती फिल्म आपल्या कामाची नाही. एकाच नमुन्याचे बरेच तुकडे हवे असतील, तर महाल-इतवारीकडे पत्रिका छापणाऱ्यांकडून स्क्रीन प्रिंटिंग करून घेणे अधिक टिकाऊ ठरते. मात्र प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन लागत असल्याने दोन-चार नगांसाठी तो खटाटोप परवडत नाही.

स्वस्तातला मार्ग हवा असल्यास लेझर प्रिंटरच्या ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर) उलटी छपाई करून मागे पांढरे व्हिनाइल स्टिकर चिकटवावे. शीट लेझरचीच असल्याची खात्री करावी. भलतीच शीट प्रिंटरच्या उष्णतेने आत वितळते आणि मग प्रिंटरवाल्याशी भांडण ओढवते.

आपल्याकडच्या हवेबद्दलही सांगितले पाहिजे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेल्यावर पाकीट-लॅमिनेशनमधला गोंद मऊ पडतो, आणि घरात कूलर चालू असला की खोलीतील दमटपणामुळे कडेपर्यंत कापलेला कागद ओल शोषून फुगतो. पॉलिएस्टरवर थेट केलेल्या छपाईत कागदच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

मापात_राहा

फिल्मबद्दल वर उत्तम माहिती आली आहे. मी मापे आणि रेखाटनाबद्दल लिहितो.

कीपॅडवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा आणि लहान मुले नाण्याचा ठसा घेतात तशी मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच घासावी. बटणांच्या उंचवट्यांचा मूळ मापाचा नकाशा आपोआप उमटतो. त्यावर प्रत्येक बटण वेगवेगळे मोजण्याऐवजी पहिल्या आणि शेवटच्या बटणाच्या मध्यांमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने घ्यावे आणि आडवे दोनाने व उभे तिनाने भागावे, म्हणजे मोजण्यातली चूक विभागली जाते. आपल्याकडे उरलेले मूळ ओव्हरले ६०० डीपीआयवर, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून स्कॅन करावेत. बाह्य आकार त्यांच्यावरूनच घ्यावा. दुमडलेल्या कडा तात्पुरत्या वहीखाली दाबून सपाट कराव्यात. स्कॅन केलेले चित्र जसेच्या तसे छापू नये, कारण जुन्या छपाईतले ठिपके पुन्हा छापताना विचित्र जाळी दाखवतात. इंकस्केपमध्ये ते खाली ठेवून त्यावर नव्याने रेखाटावे. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मिलिमीटरमध्ये काम करते.

पानाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ ठेवावी व छापल्यावर दोन्ही मोजाव्यात. प्रिंटर कागद ओढतो त्या दिशेला माप किंचित वेगळे येते आणि लेझरमध्ये उष्णतेने कागद आक्रसतोही, म्हणून एकच रेघ पुरत नाही. ‘फिट टू पेज’ बंद ठेवून शंभर टक्क्यांवर छापायला सांगावे. दुकानात फाइल व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून तर मुळीच पाठवू नये. माप आणि स्पष्टता दोन्ही जातात. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

मराठी मजकुरासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा युनिकोड फॉन्ट वापरावा आणि पीडीएफ करण्यापूर्वी सर्व अक्षरांचे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेखाकृतींत, रूपांतर करावे. अनेक दुकानांत कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते. तिच्यात जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, आणि दुकानदार मजकूर आपल्या जुन्या फॉन्टमध्ये परत टंकायला घेतो, ज्यात नव्या चुका शिरतात. देवनागरीत वर-खाली मात्रा आणि उकार येत असल्याने इंग्रजीइतक्याच उंचीत अक्षर लहान दिसते, म्हणून शब्द एका ओळीत आणि शक्यतो तीन-चार अक्षरांचा ठेवावा.

मजकूर बटणाच्या वरच्या अर्ध्या भागात असावा. खेळताना अंगठा खालून वर येतो आणि खालचा अर्धा भाग झाकून टाकतो, त्यामुळे मधोमध लिहिलेले नेमके हवे तेव्हा दिसत नाही. मूळ अंक कोपऱ्यात बारीक का होईना, अवश्य राहू द्यावा, कारण सूचनापुस्तिका बटणांचा उल्लेख अंकाने करते.

जुनेसोने

छपाईची घाई करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आधी कोरी पारदर्शक फिल्म मापात कापून तिच्यावर ओएचपी मार्करने नावे लिहावीत आणि आठवडाभर त्यावरच खेळावे. वडिलांना कोणता शब्द अडतो आणि कोणते दोन रंग सारखे वाटतात, हे खेळल्यावरच कळते. स्पिरिटने पुसून पुन्हा लिहिता येते. बऱ्याच मारधाडीच्या खेळांत कीपॅडचा उपयोग नाममात्र असतो आणि ओव्हरले केवळ शोभेसाठी असतो, त्यामुळे सर्वच बनवण्याची गरज नाही. ‘यूटोपिया’ किंवा क्षेत्ररक्षक निवडायला लावणारा बेसबॉल यांना मात्र पर्याय नाही. हीच गोष्ट १९९३ च्या अटारी जॅग्वार या गेम-संचाची आहे; त्याच्याही कंट्रोलरवर असा कीपॅड आहे आणि त्याच्या ‘डूम’ या खेळात शस्त्रे अंकांच्या बटणांवरून बदलावी लागतात.

एक विनंती आहे. मूळ रचनेची हुबेहूब प्रत काढल्यास मागच्या बाजूला ‘नवी प्रत’ असे बारीक अक्षरांत छापावे. आज आपण घरच्यासाठी बनवाल, पण उद्या तो तुकडा कोणाच्या हाती पडून मूळ म्हणून विकला जाईल हे सांगता येत नाही, आणि संग्राहकांना या प्रकाराचा पुरेसा ताप आधीच आहे. म्हणूनच मला मराठी ओव्हरलेची कल्पना अधिक पसंत आहे.

मनीषनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. ओएचपी मार्करची युक्ती लगेच अमलात आणतो. पॅनेलवाले साहेबांना एक शंका विचारतो: डाव्या कंट्रोलरवर खालच्या ओळीतील दोन बटणे ओव्हरले नसतानाही थोडी जोरानेच दाबावी लागतात. त्यासाठी फिल्म १२५ ऐवजी १०० मायक्रॉनची घ्यावी काय?

पॅनेलवाला

नाही. ओव्हरले नसतानाही बटण जड असेल, तर दोष फिल्मचा नसून आतल्या संपर्काचा आहे, आणि पातळ फिल्मने तो झाकला जाणार नाही. आत पातळ प्लास्टिकचे थर असतात; त्यांवर चांदीमिश्रित शाईच्या रेषा छापलेल्या असतात, आणि बटण दाबले की मधल्या थराच्या भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. त्या जागी काळसर थर जमला की दाब वाढवावा लागतो. मागचे स्क्रू काढून थर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने फोटो काढत जावे, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने त्या जागा केवळ टिपाव्यात. घासू नये, रेषेची शाई निघाली तर ती परत लावणे फार कटकटीचे असते. कंट्रोलर पुन्हा जोडून स्क्रू लावल्यावर बाराही बटणे ओव्हरलेशिवाय तपासावीत, मग फीलर गेज लावावे आणि त्यानंतरच फिल्मची ऑर्डर द्यावी. दोन्ही कंट्रोलरच्या खाचा वेगवेगळ्या मोजाव्यात आणि ज्या खाचेत कमी जाडी मावते तिच्या मापाने सगळे ओव्हरले कापावेत, म्हणजे कोणताही तुकडा कोणत्याही बाजूला चालेल.