चेंबरच्या आत सिमेंट ओल्या खडूसारखं का झालंय?

प्रश्न (सोसायटी सेक्रेटरी, नेरूळ):
आमच्या मागच्या गल्लीतल्या ड्रेनेज चेंबरचं झाकण काल काढलं. तोंडाजवळचं सिमेंट नखाने निघतंय, पांढरं, ओल्या खडूसारखं. टॉर्च मारला तर पाइपाच्या वरच्या कमानीत सळ्या उघड्या. खाली पाणी वाहतं तिथे मात्र पाइप शाबूत. ठेकेदार म्हणतो, मूळ माल हलका होता, प्लास्टर मारून देतो. करून घ्यावं का?

उत्तर (वाशी):
आमच्याकडेही तेच. पंपिंग स्टेशनचा पंप सुरू झाला की सडक्या अंड्यांचा वास घरात येतो.

उत्तर (निवृत्त सुपरवायझर):
मी २३ वर्षं याच लाइनींवर काढली. माल हलका असता तर पाइप खालूनही गेला असता. वरूनच खाल्लाय, म्हणजे हे जिवाणूंचं काम.

पाइपाच्या तळाला बुळबुळीत थर धरतो, त्यात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. वाशीकरांना येतो तो वास त्याचाच. पाणी आपटलं की हा वायू सुटतो आणि वरच्या कमानीच्या ओलीत मुरतो. तिथे दुसरे जिवाणू बसलेले असतात, थायोबॅसिलस. ते त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. नव्या काँक्रीटचा पीएच (आम्लपणाचं माप, ७ च्या खाली आम्ल) १२-१३ असतो, तो १-२ वर येतो आणि सिमेंटचं जिप्सम होतं. तुमच्या नखाला लागलं ते जिप्सम. मेलबर्नच्या लाइनींत संशोधक पार्कर यांनी १९४५ मध्ये हे जिवाणू वेगळे काढून दाखवले होते.

त्यात आपली भरावाची सपाट जमीन. उतार कमी, मैला रेंगाळतो, वर उकाडा. सांध्यांतून खाडीचं पाणी शिरलं तर सल्फेट आयतं मिळतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते अडीच ग्रॅमच्या वर असतं. कोपरखैरण्याला एका चेंबरच्या भिंतीत माझा पेचकस मुठीपर्यंत गेला होता.

प्लास्टर मारू नका, तेही खाल्लं जाईल. आधी प्रेशरच्या पाण्याने घट्ट काँक्रीट लागेपर्यंत धुवायचं, मग हाय अ‍ॅल्युमिना सिमेंट किंवा प्लास्टिकचं अस्तर. पाइप बदलणार असाल तर एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) घ्या.

आणि हात जोडून सांगतो, आत माणूस उतरवू नका. वायू वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस तिथेच कोसळतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, सोसायटीलाही.

प्रश्नकर्ता:
काका, पीएचची पट्टी काठीला बांधून वरूनच लावली. कमानीला १, वाहत्या पाण्यात ७. प्लास्टरचं कोटेशन परत पाठवलं.