ज्यांनी प्रार्थना शिकवली त्यांनीच संबंध तोडले. आता शास्त्र उघडवत नाही

धाकटी_लेक

लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

माझा भाऊ वहिनीला मारायचा. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा मध्ये पडले तेव्हा माझाही हात पिरगळला गेला. वहिनीने केस केली आणि मला साक्षीला बोलावलं. वकिलाने जे विचारलं त्याची खरी उत्तरं दिली, एवढंच. त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. "यापुढे तुझा आमचा संबंध नाही." मागे आईचा खोकला ऐकू येत होता. ती काही बोलली नाही.

मग घरच्या ग्रुपमधून नाव गेलं. चुलतबहिणीचं लग्न झालेलं मला फोटोंवरून कळलं. वहिनी आज सुखरूप आहे आणि पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन, त्यामुळे "पश्चात्ताप होतो का" हे कृपा करून विचारू नका.

माझी अडचण वेगळी आहे. आमचं घर प्रार्थनेचं. बाबा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर. रात्री जेवणं झाली की ते शास्त्र वाचायचे आणि आम्ही भावंडं पाठ केलेली वचनं म्हणायचो. अक्षरओळख व्हायच्या आधी मला तेविसावं स्तोत्र तोंडपाठ होतं. आता ते उघडलं की "मला काही उणे पडणार नाही" हे बाबांच्याच आवाजात ऐकू येतं. ते कुठे थांबायचे, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला कधी पुसायचे, सगळं. माझ्या बायबलमध्ये त्यांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. जिथे धीर मिळायचा, नेमक्या तिथेच आता पोटात गोळा येतो.

त्यात मंडळीतल्या एका बाईंनी सांगितलं, "आईबापांचा मान राख ही आज्ञा आहे. जा, माफी माग आणि मिटव." माफी कशाची मागू?

घरच्यांनी टाकल्यावरही ज्यांचा विश्वास टिकला त्यांनी नेमकं काय केलं, ते सांगा. "देव सगळं ठीक करील" नको.

सरळसोट

त्या बाईंना म्हणावं, दहा आज्ञांची यादी पूर्ण वाचा. आईबापांचा मान राखायची आज्ञा निर्गम 20:12 मध्ये आहे. चारच ओळी पुढे, 20:16 ला, खोटी साक्ष देऊ नको. दोन्ही एकाच डोंगरावर मिळाल्या. भावाला वाचवायला तुम्ही कोर्टात खोटं बोलला असतात तर त्यात आईबापांचा कसला मान राहिला असता, मला तरी कळत नाही. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये हेही लिहिलेलं आहे, इफिस 6:4. ते वचन मंडळीत फारसं कुणी पाठ करून घेत नाही, हा माझा अनुभव.

एक सावधगिरीची गोष्ट. घर सुटलेल्या माणसाला "आता आम्हीच तुझं कुटुंब" म्हणणारे लगेच भेटतात. त्यातले काही खरे असतात. काही जण पुढच्या रविवारी संडेस्कूल, साफसफाई आणि हिशोबाची वही तुमच्या गळ्यात घालतात आणि नाही म्हटलंत की तोंड फिरवतात. मार्क 10:30 मध्ये शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया मिळतील असं येशू सांगतो खरा, पण त्याच वाक्यात "छळणुकीबरोबर" हेही म्हणतो. घाई करू नका. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर समुपदेशकाकडे जा. त्याने विश्वास कमी होत नाही.

जुना_वाचक

ताई, योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मापासून आंधळा असलेला माणूस पाहू लागतो, ती गोष्ट. उपदेशात बहुतेक वेळा चमत्कारापाशीच थांबतात, पण अर्ध्याहून जास्त अध्याय म्हणजे चौकशी आहे. साक्षच म्हणा. परूशी, म्हणजे त्या काळचे नियमांना कडक धर्मपुढारी, त्याच्या आईबापांना बोलावतात. ते म्हणतात, हा आमचा मुलगा, जन्मला तेव्हा आंधळा होता, हे खरं. आता कसा पाहतो ते आम्हाला माहीत नाही, तो मोठा झालाय, त्यालाच विचारा. त्यांना सभास्थानातून बहिष्कृत व्हायची भीती होती, हे योहानाने स्पष्ट लिहून ठेवलंय. मुलगा मात्र जे घडलं तेच पुन्हा पुन्हा सांगत राहतो, शेवटी वैतागून त्यांनाच उलट टोमणा मारतो, आणि ते त्याला बाहेर घालवतात.

मग 35वी ओळ. त्याला बाहेर घातल्याचं येशूच्या कानावर येतं आणि येशू त्याला गाठतो. तो येशूला शोधत गेला असं लिहिलेलं नाही. आईबाप परत आले का, तेही लिहिलेलं नाही. माझ्या घरी वेगळ्या कारणाने असंच झालं आणि ही एक ओळ मला पुरली. पुष्कळ दिवस दुसरं काही वाचवतच नव्हतं.

येशूलाही घरचा अनुभव होताच. मार्क 3:21 मध्ये त्याचे आप्त त्याला धरून न्यायला निघतात, त्याला वेड लागलंय म्हणून. भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, योहान 7:5.

धाकटी_लेक

नववा अध्याय वाचला. त्या आईबापांपाशी मी अडकले. बाबा घाबरलेले नाहीत, ते रागावलेले आहेत. पण आई? तिचं अगदी तसंच झालंय. "त्यालाच विचारा" हे ती म्हणतेय असंच वाटलं. राग यायचा तो आला नाही, रडू आलं.

आजी_ऑनलाइन

बाळा, आवाजाचं म्हणतेस ते मला कळतं. माझ्या सासरच्यांनी मला बाहेर काढलं तेव्हा स्तोत्रं म्हणताना सासूबाईंची चाल कानात यायची. मी दोन गोष्टी केल्या. एक, मोठ्याने वाचायला लागले. मनात वाचलं की त्यांचा आवाज, मोठ्याने वाचलं की माझा. पहिल्यांदा वेड्यासारखं वाटतं, खोलीचं दार लावून घे. दुसरं, घरच्या प्रार्थनेत जे कधी वाचलं गेलं नाही ते काढलं. तुझे बाबा विलापगीत वाचायचे का? आमच्याकडे त्यातल्या दोनच ओळी, 3:22-23. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, त्या. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या. त्या पुस्तकाच्या मधोमध आहेत हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्याच्या आधी आकांत, नंतर पुन्हा आकांत, आणि अगदी शेवटच्या ओळीत, 5:22 ला, तू आम्हाला कायमचं टाकलंस की काय, अशी भीती. उत्तर नाही. पुस्तक तिथेच संपतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही असंच काळोखात संपतं. मला वाटलं, हे शास्त्रात ठेवून घेणारा देव माझं रडणंही ऐकून घेईल. गोड वचनांनी मला तेव्हा उलट चीडच यायची.

आणि नवं बायबल घे. जुनं फेकू नको, कपाटात राहू दे. खुणा नसलेल्या पानावर डोळा जिथे जायचा तिथे जातो.

धाकटी_लेक

आजी, आमच्याकडेही त्याच दोन ओळी! विलापगीताची बाकी पानं कोरी करकरीत आहेत, एक खूण नाही. पहिला अध्याय मोठ्याने वाचला. उजाड झालेल्या यरुशलेमबद्दल, तिचे सांत्वन करणारा कोणी नाही, हे एकाच अध्यायात किती वेळा येतं.

आणखी एक विचारते. नाताळ जवळ आलाय. आईला मेसेज करू का? क्षमा वगैरे अजून माझ्याने होत नाही, खोटं कशाला बोलू.

जुना_वाचक

भावांनी विकून टाकलेल्या योसेफानेही क्षमेची घाई केली नव्हती. मुलगा झाला तेव्हा देवाने मला बापाच्या घराचा विसर पाडला म्हणून त्याचं नाव मनश्शे ठेवलं, आणि पुढच्याच अध्यायात भाऊ समोर आले तर बाजूला जाऊन रडला (उत्पत्ति 42:24). विसर कसला पडतोय! ओळख लगेच दिली नाही, आधी त्यांना पारखलं. मनातला राग सोडणं आणि पुन्हा त्याच घरात जाऊन बसणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी एकट्याने होत नाही.

मेसेज करायचा तर करा, पण आईला उत्तर देणं जमेलच असं धरू नका. फोन बाबांच्या हातात असू शकतो.

सरळसोट

आणि त्यात वचन टाकू नका. अशा वेळी कुठलंही वचन टोमणा म्हणूनच वाचलं जातं. "खोकला कसा आहे?" एवढं विचारा.