साहस शिक्षण : बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षण पदवीच्या) प्राध्यापकांना दोन दिवसांत काय शिकवावं?

मैदान_दादर
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये 24 प्राध्यापकांचं प्रशिक्षण आहे. पहिला दिवस कॉलेजच्या मैदानावर, दुसरा मुंब्र्याच्या कड्यावर. ट्रस्ट फॉल (मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं), रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं) असं आखलंय. वेळेत बसेल? काय गाळू?

सह्यकडा
व्हॅली क्रॉसिंग गाळा. एका दोरावरून 24 जण जाईस्तोवर अर्धा दिवस संपतो, आणि रांगेत उभा राहिलेला काही शिकत नाही. रॅपलिंगऐवजी टॉप रोप क्लाइंबिंग घ्या, म्हणजे वरून अडकवलेल्या दोराच्या आधाराने चढणं. दोरामागे चौघं : एक चढतो, एक बिले देतो (खालून दोर सांभाळतो), एक बिले देणाऱ्यामागे दोर धरतो, चौथा नुसतं बघून चुका टिपतो. तीन दोरांवर 12 जण, बाकीचे खालच्या सपाटीवर.

पावसाळ्यानंतर आपला कातळ सुटलेला असतो, त्यामुळे आधी माथ्यावरचे सैल दगड काढा. हेल्मेट खाली उभ्या असलेल्यांनाही हवंच. अँकर (दोर बांधायचे पक्के आधार) दोन, एकमेकांवर न विसंबणारे, आणि मधला कोन 60 अंशांच्या आत. 120 अंशांना दोन्ही अँकरवर पूर्ण भार येतो, मग दोन असून फायदा काय? कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू बघून भागत नाही, दाबून तपासायचा.

अँकर मात्र पात्र प्रशिक्षकानेच लावावा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा नुसता बेसिक कोर्स 28 दिवसांचा असतो, यावरून अंदाज घ्या.

शिक्षणशास्त्र_ठाणे
टेबलावरून मागे पडण्याचा ट्रस्ट फॉल नकोच. पडणारा घाबरून कमरेत वाकतो, सगळा भार मधल्या दोघांवर येतो. हात सुटले तर कोपर थेट झेलणाऱ्याच्या तोंडावर. जमिनीवर उभं राहून मागे रेलणं पुरे. झेलणाऱ्याचा एक पाय पुढे, गुडघे सैल, हात आधीच वर.

माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. हे प्राध्यापक उद्याचे शिक्षक घडवणार, म्हणजे त्यांना खेळायला नाही, उपक्रम घ्यायला शिकवायचंय. पहिल्या दुपारी सहा-सहांचे चार गट करा. एका गटाने दुसऱ्याकडून 20 मिनिटांचा उपक्रम करून घ्यायचा आणि त्यावर तेवढीच चर्चा. काय घडलं, का घडलं, वर्गात कुठे वापराल, याच क्रमाने. कोल्बचं चक्र (अनुभव, त्यावर विचार, त्यातून निष्कर्ष, मग पुन्हा प्रयोग) सगळ्यांना पाठ असतं, पण प्रत्यक्षात 'मजा आली का?' असं विचारतात, समोरून 'हो' येतं आणि चर्चा तिथेच आटपते. दुसरी खोड म्हणजे गप्पपणा सहन न होऊन स्वतःच उत्तर देणं. प्रश्नानंतर दहा सेकंद थांबायची सवय लावा.

कुणी चढायला नको म्हटलं तर आग्रह नको, निरीक्षकाचं काम द्या.

मैदान_दादर
पटलं, व्हॅली क्रॉसिंग आणि ट्रस्ट फॉल दोन्ही काढतो. परवानगीचं काय?

सह्यकडा
कडा वनखात्याच्या हद्दीत असेल तर लेखी परवानगी आधी. बाहेरची संस्था घेत असाल तर राज्याच्या 2021च्या साहसी पर्यटन धोरणाखालचं नोंदणी प्रमाणपत्र मागून घ्या. आणि कड्यावर सकाळी सातला उभे राहा सर, बारानंतर खडकाला हात लावता येत नाही.