हैती: राजधानी टोळ्यांच्या हाती गेली कशी?

कोथरूडकर: पुण्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात हैती या कॅरिबियन देशावर बोलायचं आहे. 'गरिबीमुळे गुंडगिरी' एवढ्यावर भागत नाही. टोळ्यांना बळ नेमकं कुठून मिळतं?

मुळाकाठ: रस्ते आणि इंधन, इथून सुरुवात करा. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधून दक्षिणेला जाणारा महामार्ग मार्तिसाँ वस्तीतून जातो. जून २०२१ पासून ती टोळ्यांच्या ताब्यात आहे, त्यामुळे ट्रक असो वा बस, वसुली ठरलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये जी-९ या टोळ्यांच्या युतीने व्हारो हे देशाचं मुख्य इंधन टर्मिनल अडवलं. डिझेल संपलं, की जनरेटर बंद, मग रुग्णालयं आणि पाण्याचे पंपही बंद. त्यातच कॉलरा परतला! बंदुका तिथे बनत नाहीत. बऱ्याचशा फ्लोरिडातून मालाच्या कंटेनरमध्ये लपून येतात.

शनिवारपेठ: राजकारणाशिवाय हे अपुरं आहे. टोळ्या नेत्यांनीच पोसल्या, मतं वळवायला आणि मोर्चे मोडायला. सैन्य १९९५ मध्ये बरखास्त झालं, पोलीस तोकडे. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोईझ यांची हत्या झाली. जानेवारी २०२३ मध्ये उरलेल्या सिनेटरांची मुदत संपली आणि देशपातळीवर निवडून आलेलं कुणी राहिलंच नाही. हैतीवर पूर्वी राज्य करणाऱ्या फ्रान्सचा वाटा मात्र गाळू नका. १८२५ मध्ये स्वातंत्र्याला मान्यता देण्यासाठी त्याने १५ कोटी फ्रँक मागितले, पुढे ते ९ कोटी झाले. त्यासाठी काढलेली कर्जं १९४७ पर्यंत फिटत होती. शाळा, रस्ते, न्यायालयं यांचा पैसा तिकडे गेला.

कोथरूडकर: मग टोळ्यांशी लढायला २०२४ मध्ये आलेले केनियाचे पोलीस का कमी पडले?

मुळाकाठ: केनियाच्या नेतृत्वाखालची ती आंतरराष्ट्रीय मोहीम २,५०० जणांची ठरली होती, पोचले हजाराच्या आसपास. निधी ऐच्छिक, चिलखती गाड्या अपुऱ्या. वस्ती मोकळी केली तरी तिथे थांबायला माणसं नसत, आणि टोळी परत येई.