'मन सांभाळा' हा वैद्यकीय सल्ला की टोलवाटोलवी?

उंबरठा

बाबांची साखर दोन वर्षं हलत नव्हती. गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिन सुरू झालं, आहाराचा तक्ता फ्रिजवर चिकटवून झाला. आई गेल्यापासून ते गप्प गप्प असतात हे घरात सगळ्यांना दिसत होतं, पण साखरेशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. मीही नाही. डॉक्टर बदलले तेव्हा नव्या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "सकाळी उठावंसं वाटतं का?" बाबा रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

नैराश्याचं निदान झालं. औषध आणि समुपदेशन सुरू झालं. आठ महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी; आकडा कमी तितकं बरं) ९.४ वरून ७.२ वर आलं. इन्सुलिन तेच होतं, फक्त ते आता रोज घेत होते. आधी दिवसाआड चुकवत होते, हेही तेव्हाच कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली लागू झालेल्या घटनेत आरोग्याची व्याख्याच शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी आहे. माझं म्हणणं एवढंच, की रक्तदाब मोजतात तसा मनाचा प्रश्न प्रत्येक तपासणीत हवा.

शंकासुर

सपशेल असहमत. बाबा बरे झाले याचा आनंद आहे, पण त्यावरून नियम काढू नका.

मला अकरा वर्षं पोटात अल्सर होता. तीन डॉक्टर झाले, तिघांचं एकच पालुपद: टेन्शन घेऊ नका. मी ध्यान केलं, नोकरी बदलली, एकदा तर बायकोशी भांडणं बंद केली (तिलाच काळजी वाटायला लागली). शेवटी एकाने श्वासाची चाचणी करायला लावली. जंतू निघाले. दोन आठवडे प्रतिजैविकं घेतली, विषय संपला.

आणि हे ज्ञान काही नवं नव्हतं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हाच अल्सरचा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, स्वतः पिऊन दाखवला होता. पोटाचा दाह झाला त्यांना. २००५ मध्ये सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेलही मिळालं. तोपर्यंत किती जणांनी आपल्या स्वभावाला दोष देत दिवस काढले असतील!

दुसरं, ब्रिटनमधला सात लाखांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. साधारण दहा वर्षांचा पाठपुरावा. दुःखी बायका लवकर मरतात असं वरवर दिसत होतं, पण आधीपासूनची आजारपणं आणि धूम्रपानासारख्या गोष्टी हिशेबात धरल्यावर तो फरक उरला नाही. आजारी माणूस दुःखी असतो, यात नवल काय?

रात्रपाळी

शंकासुर, अल्सरच्या बाबतीत मान्य. पण म्हणून मनाचा शरीराशी संबंधच नाही?

सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता, सहा वर्षं मी सांभाळलं. त्या काळात मला साधं खरचटलं तरी ते भरून यायला वेळ लागायचा. मला वाटायचं, वय झालं. नंतर १९९५ चा एक अमेरिकी प्रयोग वाचला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या स्त्रिया. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. पहिल्या गटाला भरून यायला सरासरी ४८.७ दिवस लागले, दुसऱ्याला ३९.३. त्वचेला कुणी टेन्शन घेऊ नकोस म्हटलं नव्हतं.

शिवाय ताकोत्सुबो आहेच. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो, छातीत दुखतं, ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो आणि धमन्या मात्र मोकळ्या. जपानी डॉक्टरांनी ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून हे नाव दिलं, कारण कप्प्याचा आकार तसा होतो. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या बायका. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण सगळ्या नाही.

शंकासुर

त्या जखमेच्या प्रयोगात प्रत्येक गटात तेराच बायका होत्या, ते सांगायचं राहिलं वाटतं.

मोठा प्रयोग मी सांगतो. २००३, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले २,४८१ रुग्ण. नैराश्य असलेल्या किंवा एकटे पडलेल्या लोकांना निवडलं, निम्म्यांना रीतसर मानसोपचार दिले. नैराश्य थोडं कमी झालं. मृत्यू आणि पुन्हा येणारा झटका यांत फरक शून्य.

केमोनंतर

मला तुम्हा दोघांचाही राग आला आहे, म्हणून लिहिते.

उपचार चालू असताना मला रोज कुणीतरी सांगायचं, "पॉझिटिव्ह राहा, निम्मी लढाई मनाची असते." म्हणजे आजार परत आला तर मी नीट हसले नाही म्हणून? एकदा मावशीवर ओरडले त्यावरून.

१९८९ मध्ये एक अभ्यास आला होता, आधारगटात जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचं आयुष्य वाढतं म्हणे. २००१ मध्ये मोठ्या गटावर तेच तपासलं, आयुष्य वाढलं नाही. पण त्या बायकांना त्रास आणि वेदना कमी जाणवल्या. शंकासुर इथे 'फरक शून्य' म्हणतील. रात्री तीन वाजता हाडं ठणकत असताना तो फरक शून्य नसतो. मी गटात जात होते, जगण्याचे दिवस वाढावेत म्हणून नव्हे.

उंबरठा

ताई, 'निम्मी लढाई'वाल्यांच्या रांगेत मला उभं करू नका, एवढी विनंती.

शंकासुर, २००३ च्या प्रयोगात मनाचा उपचार वेगळा चालला होता. २०१० मध्ये २१४ जणांवर दुसरी पद्धत वापरली गेली. नैराश्यासोबत मधुमेह किंवा हृदयरोग असलेले लोक, आणि त्यांचं मन, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्यांवर एकाच परिचारिकेचं लक्ष. वर्षभरात चारही गोष्टी सुधारल्या. बाबांच्या बाबतीत झालं ते हेच.

आणि तुमची अकरा वर्षं: तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही, थेट सांगून मोकळे झाले. विचारून मग तपासलं असतं तर?

शंकासुर

हा मुद्दा घेतला. पण विचारणार कोण? बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात.

रात्रपाळी

दोन प्रश्न पुरतात हो. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? ही चाचणी जगभर वापरतात. एक मिनिटही लागत नाही.

शंकासुर

आणि उत्तर 'हो' आलं की? पुढे पाठवायला माणूस नसेल तर विचारून आणखी एक कागद भरला, बस्स. आधी समुपदेशक बसवा, मग प्रश्न विचारा.

उंबरठा

आमच्या बाईंकडे समुपदेशक नव्हताच. शोधायला तीन आठवडे गेले. तरी विचारलं ते बरं झालं, असं मला वाटतं.

केमोनंतर

बाबा अजून जातात का?

उंबरठा

महिन्यातून एकदा. परवाच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी ७.८ आलंय. आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर शंकासुर म्हणतील लपवलं.